घडीतला ओलावा: चपट्या तोंडाचे कुत्रे आणि कर्जत-खालापूरचा पावसाळा

कर्जत-खालापूर पट्ट्यात भातलावणी सुरू झाली की दिवसभर चिखलात उभं राहणाऱ्यांच्या पायाच्या बोटांत चिखल्या होतात. कातडी पांढरी पडून फुगते, घासून सोलते आणि मग तिथे बुरशी धरते. पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, पेकिनीज अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांच्या नाकावरच्या घडीत होतं ते याच जातीचं. कातडीला कातडी टेकलेली, मधे ओल कोंडलेली, वारा लागत नाही आणि प्रत्येक हालचालीबरोबर घर्षण चालू. या चार गोष्टी एकत्र आल्या की रोगाला जागा होते. पहिली, तिसरी आणि चौथी आपल्या हातात नाही, कारण ती कुत्र्याच्या बांध्यातच आहे. दुसरी आहे. घडीची सगळी निगा या ओलीभोवती फिरते आणि चूकही बहुतेक वेळा इथेच होते: घडी रोज धुतली जाते, पण कोरडी केली जात नाही.

हे कुत्रे या भागात आले ते अलीकडे. 2003 च्या सुमारास हचच्या जाहिरातीतला पग घराघरांत पोचला, पुढे 2007 मध्ये कंपनीचं नाव व्होडाफोन झालं, आणि गावागावांत या जातीला ‘व्होडाफोनवाला कुत्रा’ हेच नाव पडलं. कर्जत, नेरळ, चौक, खोपोली या बाजूला फार्महाऊस वाढली तसे मुंबई-पुण्याचे पग आणि बुलडॉग शनिवार-रविवारी इकडे येऊ लागले. काही इथेच राखणदाराकडे राहिले. आता इथलं हवामान पाहा. कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैत भिंतीला ओल येते, चपलांवर बुरशी चढते, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. चेहऱ्यावर सहा-सात घड्या असलेल्या प्राण्याला याहून प्रतिकूल हवा क्वचितच मिळेल.

घड्या होतात कशा? या जातींत निवडपैदाशीने कवटीचं हाड आखूड झालं. कातडी मात्र त्या प्रमाणात कमी झाली नाही. आखूड तोंडाच्या जातींत एसएमओसी-2 या जनुकात झालेल्या बदलाचा वाटा मोठा असल्याचं 2017 मध्ये दाखवलं गेलं. उरलेली कातडी नाकाच्या वर, डोळ्यांखाली आणि ओठांच्या कडेला दुमडून बसते. इंग्लंडच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्लिश बुलडॉगला घडीचा त्वचादाह होण्याची शक्यता इतर कुत्र्यांच्या तुलनेत सुमारे 38 पट आढळली. यात मालकाच्या हलगर्जीपणाचा भाग असेल, पण मूळ कारण बांधा हेच आहे.

घडीत ओल येते ती केवळ पावसातून नाही, हे नीट समजून घ्यायला हवं. या कुत्र्यांचे डोळे बाहेर आलेले असतात, खालच्या पापणीचा आतला कोपरा अनेकदा आत वळलेला असतो आणि अश्रू नाकात नेणारी नळी वाकडीतिकडी असते. त्यामुळे अश्रू नाकात न उतरता गालावरून थेट नाकाच्या घडीत झिरपतात. दुसरा स्रोत लाळ. कुत्रा अंग गार करतो ते जिभेवरून आणि नाकाच्या आतल्या ओल्या भागातून पाणी उडवून. नाकच आखूड असल्याने या कुत्र्याला जास्त धापावं लागतं, धापलं की लाळ गळते आणि ओठांच्या घड्या भिजून राहतात. म्हणून मे महिन्यातल्या उकाड्यात, पाऊस सुरू होण्याआधीच, पुष्कळ पगांचा त्रास सुरू झालेला असतो. तिसरा स्रोत जेवण. दूध-भात किंवा पातळ पेज खाणाऱ्या कुत्र्याच्या घडीत शितं अडकतात, आणि पिष्टमय अन्न व ऊब एकत्र आली की जंतूंची सोय होते.

हे जंतू बाहेरून आलेले नसतात. मॅलॅसेझिया ही यीस्ट आणि स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमीडियस हा जीवाणू निरोगी कुत्र्याच्या अंगावरही थोड्या संख्येने असतातच. कातडी ओलीने मऊ पडून तिचा बाहेरचा थर सैल झाला की त्यांची बेसुमार वाढ होते. म्हणून नुसतं जंतुनाशक लावून हा आजार हटत नाही. औषध थांबलं की आठवड्याभरात घडी पुन्हा तशीच होते. नाकावर येणारा आंबूस, खवट वास हे यीस्टचं पहिलं चिन्ह. त्यापाठोपाठ तपकिरी मेणचट थर, मग लालसरपणा, केस गळणं आणि शेवटी चिकट पू. बरेच मालक ‘याचा वास असाच असतो’ म्हणून सोडून देतात. निरोगी घडीला वास नसतो.

आता सफाईची रीत. कुत्रा शांत असताना त्याला मांडीजवळ बसवून एका हाताच्या अंगठ्याने नाकावरची घडी वर उचलावी, इतकी की तिचा तळ दिसेल. तळ दिसत नसेल तर तुम्ही घडी नव्हे, घडीची कड पुसत आहात. तर्जनीला स्वच्छ गॉज किंवा धुतलेल्या सुती धोतराचा तुकडा गुंडाळून तो उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सलाईनमध्ये भिजवावा आणि पिळून घ्यावा. मधून बाहेर, एकाच दिशेने पुसावं; घासू नये. कापूस वापरू नका, त्याचे धागे आत राहतात. मग दुसऱ्या कोरड्या तुकड्याने तीच घडी पुन्हा पुसावी आणि अंगठा तसाच ठेवून अर्धा मिनिट पंख्याचा वारा लागू द्यावा. या अर्ध्या मिनिटाला फार महत्त्व आहे. लाईट गेली असेल तर कागदाने वारा घाला, पण घडी ओली सोडू नका. उरलेलं सगळं करून हे एक टाळणं म्हणजे भिजलेली पट्टी बांधून ठेवण्यासारखं आहे.

किती वेळा? जून ते सप्टेंबर रोज दोनदा, शिवाय भिजून आल्यावर आणि जेवणानंतर. नोव्हेंबरपासून हवा कोरडी झाली की घडी निरोगी असल्यास दोन-तीन दिवसांतून एकदा पुरे, कारण सतत पुसण्यानेही कातडी दुखावते. मेच्या मध्यापासून पुन्हा रोज. उल्हास नदीवर किंवा धबधब्यावर कुत्र्याला पाण्यात सोडलं असेल तर परत येतानाच चेहरा कोरडा करावा.

काय लावू नये, याची यादी मोठी आहे. घरातल्या हळद-तेलामुळे ओल आत कोंडते. पावडर ओलीशी मिळून लगदा होते आणि घडीत दाणे धरते. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साईडने जखम भरायला वेळ लागतो. डेटॉलसारखी घरगुती जंतुनाशकं चेहऱ्यापासून दूरच ठेवावीत. क्लोरहेक्सिडिनचे वाइप्स उपयुक्त आहेत, पण डोळ्याच्या काठाजवळ नाहीत. ते औषध डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा होते. औषधाच्या दुकानातून माणसांच्या बुरशीवर आणलेली तीन-चार औषधांची मिश्र क्रीम मात्र मला सर्वांत धोक्याची वाटते. त्यातल्या स्टेरॉइडने दोन दिवसांत लाली जाते, मालकाला बरं वाटतं आणि कातडी आतून पातळ होत राहते.

घरच्या निगेची सीमाही ठाऊक हवी. पू, रक्त, सूज, घडीला हात लावू न देणं किंवा आठ दिवसांत फरक न पडणं, यापैकी काहीही दिसलं तर पशुवैद्य. तो घडीतला नमुना काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहील. यीस्ट की जीवाणू हे कळल्याशिवाय औषध अंदाजाने दिलं जातं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांचा मुख्य भार गाई-म्हशींचा असतो, म्हणून हट्टी आजारासाठी काहींना परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जावं लागतं. डोळा लाल झाला, कुत्रा तो मिटून घेतो किंवा पाणी वाढलं, तर त्याच दिवशी जावं. नाकाच्या घडीतले केस बुबुळावर घासून तिथे व्रण पडतो आणि तो एका रात्रीत खोल जाऊ शकतो. अशा कुत्र्यात घडी शस्त्रक्रियेने काढणं हा अनेकदा उपाय असतो. तो दिखाव्याचा नसून दृष्टी वाचवण्याचा आहे. पावसाळ्यात आणखी एक भीती असते: ओल्या जखमेवर माश्या बसून किडे पडतात. ते दिसताच घरचे प्रयोग थांबवावेत. आणि लठ्ठपणा विसरू नये. वजन वाढलं की घड्या खोल होतात.

राखणदाराच्या हवाली कुत्रा सोडताना मालकांनी ही सारी रीत त्याला समोर करून दाखवावी. लावणीच्या दिवसांत त्याचे हात शेतात गुंतलेले असतात, तेव्हा नुसत्या फोनवरच्या सूचना पुरत नाहीत.

जे अजून पिल्लू घ्यायच्या विचारात आहेत त्यांना एक सांगणं. पिल्लाच्या चेहऱ्यावरून घड्यांचा पुरता अंदाज येत नाही, म्हणून त्याची आई पाहा. तिच्या नाकपुड्या उघड्या आहेत का, घडीचा तळ सहज दिसतो का, घडीतले केस डोळ्याला लागतात का, हे स्वतः तपासा. कुत्र्यांच्या पैदाशी-विक्रीच्या 2017 च्या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याची नोंदणी असली पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. जो आई दाखवायला किंवा नोंदणीचा कागद द्यायला तयार नसेल, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नका.