वकील : चाकर नव्हे, व्यापारीहि नव्हे

पेशव्यांच्या दफ्तरांत 'वकील' हा शब्द पदोपदीं भेटतो. परंतु कोर्टाच्या आवारांत भेटणारा वकील तो नव्हे. दिल्लीच्या दरबारीं पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे राहत, निजामाच्या दरबारीं गोविंदराव काळे. बातमी काढावी, खलित्यांची देवघेव करावी, धन्याचें म्हणणें परक्या दरबारांत मांडावें, हें त्यांचें काम. १७८४ सालीं महादजी शिंद्यांनीं बादशहाकडून पेशव्यांच्या नांवें 'वकील-इ-मुत्लक' हें पद मिळविलें, त्यांतहि शब्दाचा अर्थ मुखत्यार असाच होता. वकील दुसऱ्याच्या वतीनें बोलणारा खरा, पण तो कोणा एका धन्याचा चाकर असे. पुढें शंभर वर्षांच्या आंतच पुण्या-साताऱ्याकडे हाच शब्द अशा माणसाला लावूं लागले, कीं ज्याला धनी नाहीं, दरमहा पगार नाहीं, वतन नाहीं आणि दुकानहि नाहीं. आपल्या बुद्धीवर आणि जिभेवर तो घर चालवितो. आज याची बाजू मांडतो, उद्यां त्याची. शब्द तोच राहिला आणि माणसाची समाजांतील जागा पार पालटली. ही नवी जागा कायद्यानें कशी घडविली, आणि तिची किंमत कोणाला मोजावी लागली, हें पाहण्यासारखें आहे.

पेशवाईंत न्याय नव्हता असें नाहीं. रामशास्त्री प्रभुण्यांचें नांव अद्याप घराघरांत घेतलें जातें. परंतु बहुतेक तंटे पंचायतीपुढें चालत. वादी-प्रतिवादी स्वतः उभे राहत, पंचांचा निवाडा मान्य करूं असा राजीनामा लिहून देत, जामीन देत आणि आपापली तकरीर सादर करीत. खर्च नव्हता असेंहि नाहीं. जिंकणारानें सरकारांत हरकी भरावी, हरणारानें गुन्हेगारी भरावी, असा रिवाज होता. पण मोबदला घेऊन दुसऱ्याचा तंटा चालविणें हाच ज्याचा धंदा, असा वर्ग त्या व्यवस्थेंत उभा राहिला नव्हता. कारण उघड आहे. पंचायतीचा कायदा म्हणजे मुख्यतः रूढि. ती पंचांना आणि पक्षकारांना सारखीच ठाऊक. जेथें कायदा लोकांच्या तोंडीं असतो, तेथें तो समजावून सांगणाऱ्यास पैसे द्यावे लागत नाहींत.

इंग्रजी अंमलांत ही स्थिति राहिली नाहीं. कायदा कागदावर उतरला. त्याच्याबरोबर अर्जांचे नमुने आले, मुदती आल्या, अपिलांच्या पायऱ्या आल्या. पिढीजात शेताचा मालक आपल्याच शेताविषयीं कोर्टांत बोलावयास असमर्थ ठरूं लागला. ही उणीव भरून काढण्यासाठीं कंपनी सरकारनें १७९३ सालीं बंगाल्यांत रेग्युलेशन करून वकिलांना सनदा देण्याची पद्धति घातली. सनद अदालतीनें द्यावयाची, फी किती घ्यावयाची तें सरकारनें ठरवावयाचें, आणि अधिक घेतल्यास वकिलास काढून टाकावयाचें, अशी ती व्यवस्था होती. वकिलीचा अधिकार त्या वेळीं हिंदु आणि मुसलमान यांच्यापुरताच ठेवलेला होता. आपल्या इलाख्यांत एल्फिन्स्टनच्या कारकीर्दींत तयार झालेल्या १८२७ च्या रेग्युलेशनांत वकिलांचे नियम आले. अशा रीतीनें एक नवाच प्राणी जन्मास आला. तो सरकारी नोकर नव्हता, पण सरकारी सनदेवांचून त्याला एक शब्दहि बोलतां येत नव्हता. पोट त्याचें अशिलावर, आणि अस्तित्व कोर्टावर!

या बंदिस्त व्यवस्थेस पहिलें मोठें भगदाड १८४६ सालच्या पहिल्या अ‍ॅक्टानें पाडलें. त्यानें तीन गोष्टी केल्या. वकिलीचा दरवाजा कोणत्याहि देशाच्या व धर्माच्या लायक माणसास उघडला. राणीच्या कोर्टांतील बॅरिस्टरांना कंपनीच्या सदर अदालतींत बोलण्याची मुभा दिली. आणि फी किती असावी हें वकील व अशील यांनीं आपसांत ठरवावें, हें मान्य केलें. यांपैकीं तिसरी गोष्ट दिसावयास लहान, पण परिणामानें सर्वांत मोठी. सरकारनें दर ठरवून दिलेला माणूस अर्धा नोकरच असतो. आपल्या कामाचें मोल आपण ठरविण्याचा हक्क मिळाला, तेव्हां वकील खऱ्या अर्थानें स्वतंत्र धंदेवाईक झाला.

तरी मुंबई शहरांत समता आली नव्हती. तेथें १८२४ पासून चाललेल्या सुप्रीम कोर्टांत बोलण्याचा मान बॅरिस्टरांचा, आणि कज्जाची तयारी करण्याचें काम अ‍ॅटर्नींचें. १८६२ सालीं हायकोर्ट स्थापन झालें, तेव्हां जुने दोन प्रवाह त्याच्या दोन बाजूंत उतरले. अपील शाखेंत देशी वकील दिसूं लागले. मूळ शाखेवर विलायतेहून आलेल्यांचा पगडा राहिला. १८६७ सालीं बद्रुद्दिन तय्यबजी हे तेथें काम करणारे पहिले हिंदी बॅरिस्टर झाले. पण विलायतेस न जातांहि मूळ शाखेंत शिरण्याची एक अवघड वाट होती, ती म्हणजे अ‍ॅडव्होकेटची परीक्षा. माधवराव रानड्यांनीं ती १८७१ सालीं दिली, आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग १८७२ सालीं त्याच वाटेनें मूळ शाखेंत दाखल झाले. अपील शाखेंत विश्वनाथ नारायण मंडलिकांसारखे वकील हिंदु धर्मशास्त्राचा असा व्यासंग करीत होते, कीं 'व्यवहारमयूखा'चें त्यांचें १८८० सालचें भाषांतर पुढें पुष्कळ वर्षें कोर्टांच्या उपयोगीं पडलें.

या वर्गाचें आर्थिक महत्त्व केवळ त्याच्या मिळकतींत शोधणें चुकीचें ठरेल. त्या काळीं शिकलेल्या तरुणापुढें मुख्यतः सरकारी नोकरीचाच मार्ग होता, आणि नोकरीबरोबर वरिष्ठांची मर्जी सांभाळणें आलें. वकिलीनें प्रथमच असा एक मध्यम वर्ग निर्माण केला, कीं ज्याची भाकरी कलेक्टरच्या हातीं नव्हती. १८७० सालीं पुण्यास सार्वजनिक सभा निघाली, तिचे आधारस्तंभ गणेश वासुदेव जोशी, म्हणजे 'सार्वजनिक काका', हे वकील. १८८५ सालीं मुंबईस प्रेसिडेन्सी असोसिएशन निघाली, तिचे तिघेहि प्रवर्तक, फिरोजशहा मेथा, तेलंग आणि तय्यबजी, कोर्टांतलेच. त्याच वर्षाअखेर मुंबईस राष्ट्रसभेची पहिली बैठक भरली, तिचे अध्यक्ष व्योमेशचंद्र बानर्जी कलकत्त्याचे बॅरिस्टर. हा योगायोग नव्हे. अशिलांनीं दिलेल्या फीवर या देशांतील सार्वजनिक चळवळीचा बराचसा संसार चालला आहे.

१८७९ सालच्या दोन घटना शेजारीं ठेवल्या म्हणजे हा भेद डोळ्यांपुढें उभा राहतो. त्या वर्षीं वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडानें सरकार हादरलें होतें. माधवराव रानडे तेव्हां न्यायखात्यांत नोकर. विद्वत्तेंत त्यांची बरोबरी करणारा विरळा. तरी सरकारच्या संशयाची छाया त्यांच्यावर पडली आणि नाशिकहून त्यांना धुळ्यास जावें लागलें. आणि त्याच वर्षीं, खुद्द फडक्यांवर पुण्यास खटला उभा राहिला, तेव्हां त्यांच्या बचावास सार्वजनिक काका उभे राहिले. राजद्रोह्याचें वकीलपत्र घेणें ही त्या दिवसांत लहानसहान गोष्ट नव्हती. परंतु सरकार काकांची बदली कोठें करणार? ज्याला नेमणूक नाहीं, त्याला बदलीहि नाहीं.

मग वकील सर्वस्वीं स्वतंत्र होता काय? तसें म्हणतां येत नाहीं. नोकरी नसली, तरी सनद होती; आणि सनद देणारा हात ती परतहि घेऊं शकत होता. १९१९ सालीं रौलट कायद्यांविरुद्ध सत्याग्रहाची प्रतिज्ञा निघाली. तिच्यावर अहमदाबादच्या कांहीं वकील-बॅरिस्टरांनीं सह्या केल्या. ते कायदे, आणि पुढें समिति ठरवील ते इतर कायदे, शांततेनें मोडूं, असा त्या प्रतिज्ञेचा आशय. तेथील डिस्ट्रिक्ट जज्जानें हायकोर्टास पत्र लिहून विचारलें, कीं अशांना वकिली करूं द्यावी काय? हायकोर्टानें त्यांना बोलावून घेतलें, आणि कायद्यावर उपजीविका करणारानें कायदा मोडण्याची शपथ घेणें त्याच्या पेशाशीं विसंगत आहे, असें ठरवून ताकीद दिली. जज्जाचें तें पत्र गांधीजींनीं छापलें, म्हणून त्यांच्यावर बेअदबीचें काम चाललें, आणि १९२० सालीं त्यांना कडक शब्दांत समज मिळाली. खुद्द गांधीजींचें नांव १९२२ सालीं लंडनच्या इनर टेंपलनें बॅरिस्टरांच्या पटावरून काढलें. तें परत घालण्यास १९८८ साल उजाडावें लागलें.

सनदेचा दरवाजाहि सर्वांना सारखा उघडा नव्हता. १८४६ च्या कायद्यांत देशाचा आणि धर्माचा अडसर काढला गेला, पण स्त्रियांचा विचार कोणाच्या मनांतहि आला नव्हता. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनीं ऑक्सफर्डला १८९२ सालीं कायद्याची परीक्षा दिली. पण वकील म्हणून त्यांची नोंद अलाहाबादेस व्हावयास १९२१ साल लागलें. त्याआधीं १९१६ सालीं कलकत्त्याच्या हायकोर्टानें रेजिना गुहा यांचा अर्ज, त्या स्त्री आहेत याच कारणानें फेटाळला होता. अखेर १९२३ च्या कायद्यानें, केवळ स्त्री म्हणून कोणास वकिलीस अपात्र ठरवितां येणार नाहीं, असें स्पष्ट झालें. त्याच वर्षीं बॅरिस्टर झालेल्या मिठन टाटा, पुढें मिठन लाम, या मुंबई हायकोर्टांत काम करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या.

दुसरा अडथळा कायद्याच्या पुस्तकांत कोठेंच लिहिलेला नव्हता. १९२३ सालीं डॉ. भीमराव आंबेडकरांनीं मुंबईस बॅरिस्टरी सुरू केली. मूळ शाखेंत सॉलिसिटरनें ब्रीफ दिल्यावांचून बॅरिस्टरास काम मिळत नसे. आणि अस्पृश्य मानलेल्या जातींतील बॅरिस्टरास ब्रीफ कोण देणार? त्यांनीं अपील शाखा आणि मोफसलचीं कोर्टें धरलीं, आणि संसारास आधार म्हणून व्यापारी कायद्याचे वर्गहि घेतले. पुढें पुण्यास 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यांत त्यांनीं आरोपींचें अपील जिंकून दिलें. स्वतंत्र धंद्याचें स्वातंत्र्य हें असें असतें: कोणी हांकलून देऊं शकत नाहीं, पण कोणी बोलावलेंच नाहीं तर दादहि कोठें मागतां येत नाहीं.

आतां अशिलाकडे वळावें. ज्याचें घर, जमीन, प्रसंगीं जीवहि वकिलाच्या हातीं असतो, त्याला कायद्यानें काय दिलें? इंग्लंडांत बॅरिस्टरची फी म्हणजे मानधन समजलें जाई. तिच्यासाठीं बॅरिस्टरास फिर्याद करतां येत नसे, हें १८६३ च्या एका निकालानें पक्कें झालें होतें. आणि उलटपक्षीं, कोर्टांतील निष्काळजीपणाबद्दल अशिलास बॅरिस्टरवर दावा आणतां येत नसे. इकडील देशी वकिलाचें तसें नव्हतें. तो फीचा दावा करूं शके, आणि जबाबदारहि राही. एकाच कोर्टांत शेजारीं बसणाऱ्या दोघांना दोन न्याय! १९२६ च्या फीविषयक कायद्यानें हा भेद मिटविला. कोणाहि वकिलास अशिलाशीं फीचा करार करतां येईल, बुडालेल्या फीसाठीं दावा करतां येईल. परंतु असा हक्क असलेल्या वकिलास, तो केवळ वकील आहे म्हणून, निष्काळजीपणाच्या जबाबदारींतून सुटतां येणार नाहीं. तराजूच्या एका पारड्यांत फी घातली, तेव्हां दुसऱ्यांत उत्तरदायित्व घालणें प्राप्तच होतें. या साऱ्या इतिहासांत याहून शहाणपणाचें कलम क्वचितच सांपडेल.

स्वराज्य आल्यावर सनदेची किल्ली कोणाच्या हातीं असावी, हा प्रश्न पुन्हां उभा राहिला. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टानें वकील, प्लीडर, मुखत्यार हे निरनिराळे वर्ग मोडीत काढून 'अ‍ॅडव्होकेट' हा एकच वर्ग ठेवला, आणि नोंदणी व शिस्त कोर्टाकडून काढून वकिलांच्याच निवडलेल्या बार कौन्सिलांकडे दिली. मुंबईच्या मूळ शाखेंतील सॉलिसिटर आणि अ‍ॅडव्होकेट यांची जुनी दुहेरी पद्धतहि १९७७ सालच्या आरंभीं संपली. परंतु पेशाचें जुनें स्वरूप नव्या नियमांतहि टिकलें. वकिलानें जाहिरात करूं नये, पूर्ण वेळ पगारी चाकरी धरूं नये, स्वतः व्यापार चालवूं नये, आणि दाव्यांत मिळणाऱ्या रकमेंत वांटा मागूं नये. चाकरी आणि व्यापार, दोन्हींकडचीं दारें त्याला मुद्दाम बंद केलेलीं आहेत. १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें केरळांतील एका प्रकरणांत, वकिलाची कचेरी म्हणजे व्यापारी आस्थापना नव्हे, असेंच ठरविलें.

या विशेष स्थानाची नवी परीक्षा २०२४ सालीं झाली. डॉक्टरांची सेवा १९९५ च्या निकालानें ग्राहक-संरक्षण कायद्याखालीं आलेली होती; मग वकिलांची कां नको? सर्वोच्च न्यायालयानें उत्तर दिलें, कीं वकील अशिलाच्या प्रत्यक्ष नियंत्रणाखालीं काम करतो, ती व्यक्तिगत सेवा आहे. म्हणून ग्राहक-न्यायालयांत तिची तक्रार चालणार नाहीं. मात्र गैरवर्तन किंवा हानि यांबद्दल धंदेवाईक माणसाला कोणी जाबच विचारूं शकत नाहीं, असा याचा अर्थ नाहीं, हेंहि न्यायालयानें सांगून ठेवलें.

वकिलास चाकर न मानतां आणि व्यापारी न मानतां कायद्यानें जें मोकळें अंगण दिलें, तें त्याच्या ऐषआरामासाठीं दिलेलें नाहीं. सरकारला नको असलेल्या माणसाची बाजूहि कोणीतरी निर्भयपणें मांडावी, एवढ्यासाठीं तें आहे. फडक्यांच्या खटल्यांत सार्वजनिक काका उभे राहिले, त्या दिवशीं त्या अंगणाचें सार्थक झालें. आणि ज्या दिवशीं एखाद्या गरीब अशिलाचा दावा केवळ वकिलाच्या हयगयीनें मुदतीबाहेर जातो, त्या दिवशीं त्याच अंगणाचें भाडें थकतें. फीच्या पावतीवर वकिलाची सही असते. पण सनदेच्या मागच्या बाजूस अदृश्य अक्षरांत अशिलाचीहि सही असते, हें विसरून चालत नाहीं.