मणिभवन
मणिभवन हे मुंबईतील गावदेवी भागात लॅबर्नम मार्गावर असलेले ऐतिहासिक निवासस्थान व संग्रहालय आहे. ही वास्तू मूळची रेवाशंकर जगजीवन झवेरी यांची. १९१७ ते १९३४ या काळात महात्मा गांधींचा मुंबईतील मुक्काम प्रामुख्याने येथेच असे. ऑगस्ट क्रांती मैदान (पूर्वीचे गवालिया टँक) येथून जवळच आहे.

चरख्याशी गांधींचा परिचय याच वास्तव्यात वाढला. रस्त्यावरून जाणाऱ्या पिंजाऱ्याकडून त्यांनी कापूस पिंजण्याचे पहिले धडे घेतले. रौलेट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहात, ७ एप्रिल १९१९ रोजी, मुद्रणविषयक कायदा मोडण्यासाठी त्यांनी 'सत्याग्रही' हे विनानोंदणी पत्रक प्रसिद्ध केले.

१४ ऑगस्ट १९३१ रोजी गांधी व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची पहिली भेट मणिभवनात झाली. दुसरी गोलमेज परिषद तोंडावर आली होती. अस्पृश्यांच्या राजकीय हक्कांविषयीचे मतभेद या भेटीत उघड झाले आणि ते मिटले नाहीत. लंडनमध्ये ते अधिकच तीव्र झाले व १९३२ च्या पुणे करारापर्यंत जाऊन पोहोचले. मणिभवनाची ओळख बहुधा केवळ गांधींचे घर म्हणून करून दिली जाते. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात मात्र या भेटीचे मोल कमी नाही.

परिषदेहून गांधी डिसेंबर १९३१ अखेर परतले. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे गच्चीवरील तंबूत झोपलेले असताना त्यांना अटक झाली व येरवडा कारागृहात नेण्यात आले. तो सोमवार, म्हणजे त्यांचा मौनाचा दिवस असल्याने त्यांनी पोलिसांशी कागदावर लिहूनच संवाद साधला.

१९५५ मध्ये ही वास्तू गांधी स्मारक निधीकडे आली. तळमजल्यावर ग्रंथालय असून अभ्यासकांना त्याचा विशेष उपयोग होतो. दुसऱ्या मजल्यावरील गांधींची खोली काचेपलीकडून पाहावी लागते. गादी, चरखे आणि मोजक्या वस्तू एवढेच तिचे सामान आहे. शेजारील दालनात त्यांच्या जीवनातील प्रसंग छोट्या बाहुल्यांच्या देखाव्यांतून मांडले आहेत. हे देखावे सुशीला गोखले-पटेल यांच्या कल्पनेतून साकारले. शालेय विद्यार्थी सर्वाधिक रेंगाळतात ते येथेच. रुझवेल्ट व हिटलर यांना गांधींनी लिहिलेल्या पत्रांच्या प्रतीही येथे वाचावयास मिळतात. १९५९ च्या भारतभेटीत मार्टिन ल्यूथर किंग यांनी मणिभवनात मुक्काम केला होता. २०१० मध्ये अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी येथे भेट दिली.