लॉस अलामोसहून औंढ्याकडे: एका मुक्तस्रोत नियंत्रण-प्रणालीचा प्रवास

१/ नांदेडच्या वायव्येस सुमारे ६० किलोमीटरवर औंढा नागनाथ आहे. ज्योतिर्लिंगामुळे आणि संत नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांच्यामुळे हे गाव आपणांस परिचित आहे. याच परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. तिच्या आरशांविषयी पुष्कळ लिहिले गेले. आजचा धागा ते आरसे जागेवर धरून ठेवणाऱ्या, सहसा कुणाच्या नजरेस न पडणाऱ्या नियंत्रण-प्रणालीच्या इतिहासाचा आहे.

२/ आपल्यापुढे दोन प्रश्न आहेत. चार यंत्रे सांभाळणारी प्रणाली लाखो मापांपर्यंत न कोलमडता कशी वाढते? या गुणाला विस्तारक्षमता म्हणतात. आणि अशी प्रणाली कोणा एका कंपनीच्या मालकीची नसेल, तर तिचा भार कोण वाहतो?

३/ प्रारंभ ओळखीच्या ठिकाणाहून करू. लातूरच्या मांजरा खोऱ्यातील कोणताही साखर कारखाना डोळ्यांपुढे आणा. गव्हाणीत मोळी पडल्यापासून पोते शिवले जाईपर्यंत रसाचे तापमान, चुन्याचे प्रमाण, बॉयलरचा दाब, पॅनमधील निर्वात अशी असंख्य मापे सांभाळावी लागतात. एक माप ढळले की पुढची सारी साखळी ढळते. एकेकाळी पॅनमन काचेवर थेंब घेऊन दाणा पारखत असे. पुढे या कामांचा मोठा भाग मापक यंत्रांकडे आणि स्वयंचलित झडपांकडे गेला.

४/ जगभरच्या कारखान्यांत १९६० च्या दशकात संगणक आला, तो बहुधा एकटाच. सारे नियंत्रण त्याच्या हाती. तो बंद पडला की प्रक्रियाच अडे. १९७५ साली अमेरिकेच्या हनीवेलने ‘टीडीसी २०००’ आणि जपानच्या योकोगावाने ‘सेंटम’ बाजारात आणले. नियंत्रण अनेक लहान नियंत्रकांत वाटले गेले आणि ‘वितरित नियंत्रण’ युग सुरू झाले.

५/ मात्र प्रत्येक कंपनीची भाषा निराळी होती. एकीची यंत्रणा घेतली की सुटे भाग, दुरुस्ती आणि विस्तार, सर्व काही तिच्याच दारी. या भिंतीला पहिले मोठे खिंडार १९७९ साली पडले. मॉडिकॉन कंपनीने ‘मॉडबस’ हा यंत्रांच्या परस्परसंवादाचा नियम प्रसिद्ध केला. तो आजही असंख्य कारखान्यांत वापरात आहे.

६/ आपल्या कथेचे मुख्य सूत्र न्यू मेक्सिकोतील लॉस अलामोस येथे सुरू होते. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या ‘स्टार वॉर्स’ संरक्षण योजनेसाठी तेथे एक कणत्वरक बांधला जात होता. त्यासाठी बॉब डॅलेसिओ आणि सहकाऱ्यांनी नवी नियंत्रण-प्रणाली लिहिली. शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेलाही प्रचंड त्वरक बांधायचा होता. १९८९ मध्ये तेथील मार्टी क्रेमर लॉस अलामोसला गेले आणि तीच प्रणाली दोघांनी मिळून वाढवण्याचे ठरले. १९९१ च्या सुमारास तिला ‘एपिक्स’ हे नाव मिळाले. शस्त्रास्त्रांची ती योजना पुढे गुंडाळली गेली. सॉफ्टवेअर मात्र उरले.

७/ एपिक्सची रचना समजण्यास आपली दवंडी पुरेशी आहे. प्रत्येक लहान नियंत्रक-संगणक आपापली मापे स्वतःजवळ ठेवतो आणि आपले काम स्वतःच करतो. कुणाला एखादे माप हवे असेल तर तो जाळ्यावर पुकारा करतो, ‘अमुक नावाचे माप कुणाकडे आहे?’ ज्याच्याकडे असेल तोच उत्तर देतो. पुढचा संवाद त्या दोघांतच चालतो. सर्वांची नावे सांभाळणारा मध्यवर्ती कारभारी मुळातच नाही. त्यामुळे नवा नियंत्रक जोडताना जुन्यांना हात लावावा लागत नाही.

८/ दुसरी युक्ती काटकसरीची आहे. माप ठरलेल्या मर्यादेपलीकडे बदलले, तरच ते विचारणाऱ्याकडे धाडले जाते. स्थिर तापमानाची तीच बातमी पुन्हा पुन्हा पाठवून जाळे भरत नाही. हजार मापांवरून लाख मापांवर जाताना हाच संयम कामी येतो.

९/ दवंडीलाही मर्यादा असतात. एकाच नावाची दोन मापे असली की घोटाळा होतो. पुकारे वाढले की जाळ्यावर गोंगाट माजतो, आणि एका जाळ्यातील पुकारा दुसऱ्यात आपोआप पोहोचत नाही. म्हणून नावांची काटेकोर शिस्त आली आणि दोन जाळ्यांच्या वेशीवर निरोप्याचे काम करणारे ‘गेटवे’ आले. वापरणाऱ्या प्रयोगशाळांनीच दोष शोधले आणि त्यांनीच ते दुरुस्त केले.

१०/ २००४ साली एपिक्स मुक्त परवान्याखाली आले. आता ते कोणीही उतरवून घ्यावे, तपासावे, बदलावे. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या ‘इटर’ या संलयन प्रकल्पाने आपल्या नियंत्रणाचा पाया म्हणून एपिक्स आणि लिनक्स यांची निवड केली. भारत त्या प्रकल्पाचा भागीदार आहे.

११/ हा विचार महाराष्ट्रालाही नवा नाही. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील ‘जीएमआरटी’ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटर परिसरात विखुरल्या आहेत. तिच्या नूतनीकरणात ‘टँगो’ या दुसऱ्या मुक्तस्रोत प्रणालीचा आधार घेतला गेला. टँगोचा जन्म फ्रान्समधील ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉन केंद्रातला. २०१५ मध्ये ‘एसकेए’ या आंतरराष्ट्रीय महादुर्बिणीनेही टँगोचीच निवड केली.

१२/ आता लायगो. ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आणि त्यांच्या टोकांशी टांगलेले ४० किलोचे आरसे. मोजायचा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म! अमेरिकेतील प्रत्येक लायगो यंत्रातून दोन लाखांहून अधिक साहाय्यक मापे नोंदली जातात. सेकंदाला १६,३८४ वेळा चालणारी जलद नियंत्रणे एपिक्सच्या आवाक्याबाहेरची आहेत. ती लिनक्सवरील खास संगणक सांभाळतात. मंदगती मापे, आज्ञा आणि देखरेख एपिक्सकडे असते. यंत्र कोणत्या स्थितीतून कोणत्या स्थितीत जाईल, हे ‘गार्डियन’ नावाची मुक्त प्रणाली ठरवते. कामांची ही योग्य वाटणी हेदेखील विस्तारक्षमतेचेच अंग आहे.

१३/ मराठवाड्याला जमिनीच्या कंपाविषयी निराळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गिळली. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोलीत ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. तो नांदेडलाही जाणवला. दूरच्या भूकंपाची लहरही लायगोचे आरसे विचलित करते. ती ओळखून सावध स्थितीत जाणे आणि शांत झाल्यावर यंत्र पुन्हा जुळवणे हे नियंत्रण-प्रणालीचे नित्याचे काम आहे.

१४/ फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाला तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी मिळाली आणि ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली.

१५/ मग साखर कारखान्यांत मुक्तस्रोत प्रणाली सर्रास का दिसत नाही? कारण व्यावहारिक आहे. ऐन गाळप हंगामात यंत्र अडले, तर गाडीतळावर ऊस वाळतो आणि उतारा घटतो. अशा वेळी कारखान्याला धावून येणारा माणूस हवा असतो. बंद प्रणालीची किंमत मोजताना कारखाना प्रत्यक्षात त्या माणसाची खात्री विकत घेत असतो. मुक्त प्रणालीत मूळ आज्ञावली फुकट मिळते, जाणकार फुकट मिळत नाही. तो घडवावा लागतो.

१६/ घडवण्याची सोय येथे आहे. नांदेडच्या विष्णुपुरीत १९८१ पासून श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था आहे आणि तेथे उपकरणन अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते. मुंबई आयआयटीच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने ‘सायलॅब’ या मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार केला. संस्थेने तयार केलेला एक लहानसा तापक, वर तारेची उष्णता आणि खाली पंखा, दूरच्या गावातील विद्यार्थ्यालाही इंटरनेटवरून नियंत्रित करता येऊ लागला. लाखो मापांच्या यंत्रामागील मूलतत्त्व त्या तापकातही तेच आहे.

१७/ १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून आपण मराठवाड्याचा अनुशेष रस्ते, सिंचन, वीज यांत मोजत आलो. औंढ्याची वेधशाळा त्यात एका मोजमापाची भर घालते. तिच्या नियंत्रण कक्षात बसून मूळ आज्ञावली वाचणारे, तिच्यातील दोष शोधणारे आणि तो जगाला दुरुस्त करून देणारे हात नांदेड-लातूरचे किती असतील? १९८९ मध्ये क्रेमरना त्यासाठी लॉस अलामोस गाठावे लागले. आज ती सारी आज्ञावली तुमच्या संगणकावर उतरू शकते. या धाग्याच्या वाचकांपैकी कोणी ती आज रात्री उघडून पाहिली, तरी लेखनाचे सार्थक झाले.

बहुत काय लिहिणे? लेखनसीमा.