ग्लीझ २२९ बी

ग्लीझ २२९ बी हा शशक तारकासमूहातील ग्लीझ २२९ या तांबड्या बटू ताऱ्याचा सोबती असलेला तपकिरी बटू आहे. त्याचे पृथ्वीपासूनचे अंतर सुमारे १९ प्रकाशवर्षे आहे. तपकिरी बटू हा ग्रहाहून जड असतो, परंतु हायड्रोजनचे संमीलन टिकवून धरण्याइतके वस्तुमान त्याच्याजवळ नसते. अशा वस्तू असाव्यात हे शिव कुमार यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी गणिताने दाखविले होते. नाव जिल टार्टर यांनी १९७५ मध्ये दिले. ते रंगावरून शब्दशः घेऊ नये.

शोध

ऑक्टोबर १९९४ मध्ये पालोमार वेधशाळेच्या दीड मीटर व्यासाच्या दुर्बिणीतून, मूळ ताऱ्याचे तेज झाकणारा कोरोनाग्राफ वापरून, ताऱ्यालगत एक अंधुक ठिपका टिपला गेला. तादाशी नाकाजिमा, श्रीनिवास कुलकर्णी, ओपेनहायमर आदींचा हा चमू होता. कुलकर्णी यांचा जन्म १९५६ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे झाला.

ठिपका दिसला म्हणून तो सोबती ठरत नाही. मागे दूरवर असलेला एखादा तारा योगायोगाने त्याच दिशेस दिसू शकतो. ग्लीझ २२९ हा तारा आकाशात दरवर्षी सुमारे पाऊण विकला सरकतो. त्यामुळे संशोधकांनी वर्षभर वाट पाहिली. ठिपकाही ताऱ्याबरोबर सरकला, तेव्हाच शोध जाहीर झाला (१९९५). वर्णपटात मिथेन आढळल्याने उरलेली शंकाही मिटली, कारण ताऱ्याच्या तप्त वातावरणात मिथेन टिकत नाही. त्याच वर्षी कृत्तिका तारकागुच्छातील तैदे १ हा तपकिरी बटूही प्रसिद्ध झाला होता. तथापि इतका थंड बटू प्रथमच सापडला. राक्षसी ताऱ्यांचे असे सोबती बहुधा ताऱ्याच्या सूक्ष्म डोलण्यावरून ताडले जातात. येथे मात्र सोबती प्रत्यक्ष दिसला.

जोडबटू

पुढे गतीवरून काढलेले वस्तुमान गुरूच्या सुमारे ७० पट भरले. एवढ्या जड बटूचे तेज इतके कमी का, हे कोडेच होते. २०२४ मध्ये त्याचा उलगडा झाला: तो एक नसून दोन बटू आहेत. गुरूच्या सुमारे ३८ आणि ३४ पट वस्तुमानाचे हे दोघे १२ दिवसांत परस्परांभोवती एक फेरी पूर्ण करतात. त्यांस बीए व बीबी म्हटले जाते.

निरीक्षण

शशक हा मृग नक्षत्राच्या पायांखाली असतो. पेण, रोहा परिसरातून हिवाळ्यात ग्लीझ २२९ दक्षिण क्षितिजापासून सुमारे ५० अंशांपर्यंत चढतो. आठव्या प्रतीचा असल्याने तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, द्विनेत्रीतून दिसतो. बटूंचे दर्शन मात्र हौशी निरीक्षकांच्या दुर्बिणींच्या आवाक्याबाहेर आहे.