प्रोटॉनच्या धडकेतून उमटणारा प्रकाश आणि त्याचे मापन

ध्रुवीय प्रदेशांच्या आकाशात दिसणारा प्रकाश मुख्यतः इलेक्ट्रॉनांमुळे निर्माण होतो. त्याचा काही भाग मात्र प्रोटॉनांचा असतो. नॉर्वेचे भौतिकशास्त्रज्ञ लार्स व्हेगार्ड यांना १९३९ मध्ये त्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा आढळल्या. १९५० मध्ये अमेरिकेच्या यर्कीस वेधशाळेत एडन माइनेल यांनी या रेषा निळ्या बाजूकडे सरकलेल्या टिपल्या. त्यावरून हायड्रोजनचे कण सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात, हे स्पष्ट झाले. परंतु असे किती कण शिरतात, हे केवळ प्रकाश पाहून सांगता येत नाही. त्यासाठी एका धडकेतून किती प्रकाश निघतो, हे आधी प्रयोगशाळेत मोजावे लागते.

या प्रयोगात हायड्रोजन वायूपासून मिळवलेले प्रोटॉन विद्युतदाबाने वेगवान केले जातात. चुंबकाच्या साहाय्याने इतर आयन वेगळे काढून प्रोटॉनांची शलाका नायट्रोजनसारखा विरळ वायू भरलेल्या कक्षात सोडतात. शलाकेचा विद्युतप्रवाह फॅरडे कपाने, वायूचा दाब दाबमापकाने, तर बाजूच्या खिडकीतून येणारा प्रकाश वर्णपटमापक व फोटोमल्टिप्लायर यांनी मोजतात.

येथे प्रकाशाचे दोन उगम असतात. धडकेत इलेक्ट्रॉन गमावलेला नायट्रोजनचा रेणू ३९१.४ नॅनोमीटर तरंगलांबीचा जांभळा प्रकाश देतो. प्रोटॉनने तो इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतला, तर त्याचा हायड्रोजन अणू बनतो आणि त्यातून ६५६.३ नॅनोमीटरची तांबडी रेषा उमटू शकते.

मापनातील खरी कसोटी पुढे आहे. १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा प्रोटॉन सेकंदाला सुमारे १,४०० किलोमीटर धावतो. त्यापासून बनलेला उत्तेजित अणू, अवस्थेनुसार, प्रकाश देण्यापूर्वी २० सेंटिमीटरपर्यंतही पुढे जाऊ शकतो. तो प्रकाश खिडकीपुढे न आल्यास मोजणी कमी भरते. दाब जास्त असल्यास एकाच कणाच्या अनेक धडका होऊन हिशेब बिघडतो. म्हणून दाब दुप्पट केल्यावर प्रकाशही दुप्पट होतो ना, हे पडताळतात. शेवटी उपकरणाची संवेदनशीलता ज्ञात तेजाच्या प्रमाण दिव्याशी ताडून पाहतात.

या सर्वांतून मिळणाऱ्या राशीला उत्सर्जन काटछेद म्हणतात. तो चुकला, तर आकाशातून उतरलेल्या प्रोटॉनांचा अंदाजही त्याच प्रमाणात चुकतो.