आमच्या घरची बंदूक : एका जुन्या लेखाची दुरुस्ती

सुमारे वीस वर्षांपूर्वी याच स्मरणिकेत आमच्या घराण्याविषयी प्रस्तुत लेखकाचा एक लेख प्रसिद्ध झाला होता. आमच्या खापरपणजोबांनी १८५७ सालच्या धामधुमीत जी बंदूक बाळगली, इंग्रजांनी शस्त्रे गोळा करण्यास आरंभ करताच जी परसातील पेवात पुरून ठेवली, तीच बंदूक आजही आमच्या माजघरात भिंतीवर आहे, असे त्या लेखात मोठ्या अभिमानाने लिहिले होते. लेख ज्ञातिबांधवांस आवडला. वार्षिक संमेलनात त्याचा उल्लेख झाला, आणि पुढे दोन घराण्यांच्या कुलवृत्तांतांतही तो मजकूर जसाच्या तसा उतरला. ते विधान चुकीचे होते. जेथे चूक छापली तेथेच ती दुरुस्त करावी, म्हणून हा लेख.

मूळ दंतकथा सर्वस्वी निराधार होती असे मात्र नव्हे. आमचे गाव तासगाव तालुक्यातील. म्हणजे त्या काळच्या सातारा जिल्ह्यातील. साताऱ्याचे राज्य १८४८ साली खालसा झाले होते आणि त्याचा सल लोकांच्या मनात ताजा होता. छत्रपतींची बाजू मांडण्यासाठी विलायतेस जाऊन राहिलेले रंगो बापूजी यांच्या प्रेरणेने झालेला कट उघडकीस आला, व १८५७ च्या सप्टेंबरात साताऱ्यास सतरा जणांस देहान्त शासन झाले. त्यापूर्वी ३१ जुलै रोजी कोल्हापुरास सत्ताविसाव्या पलटणीने बंड केले होते. त्याच वर्षीच्या अठ्ठाविसाव्या कायद्याने शस्त्रे बाळगण्यावर निर्बंध आले आणि दक्षिण महाराष्ट्रात शस्त्रे काढून घेण्याचा सपाटा सुरू झाला. पुढील वर्षी नरगुंदचे बाबासाहेब भावे उठले, त्याच्या कारणांत दत्तकाच्या नामंजुरीबरोबर ही शस्त्रबंदीही होती. तेव्हा गावोगाव लोकांनी तलवारी आडात टाकल्या, बंदुका पेवात पुरल्या, यात नवल ते काय? आमच्या घरी जुने पेव होते, ते मी लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे. दंतकथेचा हा भाग मी आजही खरा मानतो.

चूक झाली ती पुढे. लेख लिहिताना माझ्या थोरल्या आत्या हयात होत्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे, दृष्टी अधू, पण वाचा स्पष्ट. त्यांना मी विचारले असता त्या म्हणाल्या, "अरे, पेवातली बंदूक सळईची. ही नव्हे. ही मागाहून आली." मी बंदूक त्यांच्यापुढे आणली, नळीखाली असलेली दुसरी, जराशी आखूड नळी त्यांच्या हातास लावली आणि म्हटले, "आत्या, ही पाहा सळईची जागा. सळई हरवली असेल." त्यांनी नुसती मान हलविली. मी लेखात लिहिले की, वार्धक्यामुळे आमच्या आत्यांच्या स्मृतीत दोन गोष्टींची गल्लत झालेली दिसते. हे वाक्य छापून आले, आणि ते त्यांना वाचूनही दाखविण्यात आले.

चारएक वर्षांपूर्वी माझे वडील बंधू निवर्तले. परवाना त्यांच्या नावे, पीकरक्षणासाठी दिलेला. तो पुतण्याच्या नावे करून घ्यावयाचा तर बंदुकीचे वर्णन, बोअर व क्रमांक अर्जात देणे आवश्यक. जुन्या परवान्यावरील अक्षरे पुसट झाली होती, म्हणून बंदूक रीतसर एका परवानाधारक दुकानात नेऊन साफ करविली. तेथील वृद्ध मिस्त्रींनी तिच्यावरील तेलकट काळा थर काढला, पुढची लाकडी मूठ धरून झटक्याने मागे ओढली, पुन्हा पुढे लोटली, आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "गुरुजी, ही सळईची जागा कुठली? हे काडतुसांचे कोठार आहे. पाच इथे, एक वर नळीत." गेली साठ वर्षे जी वस्तू मी नित्य पाहिली, तिची ती पुढची मूठ हलते हेदेखील मला ठाऊक नव्हते! गंजाने ती घट्ट बसली होती.

या जातीच्या बंदुकीस पंप ॲक्शन म्हणतात. एका हाताने मूठ मागे ओढली की उडालेले काडतूस बाहेर पडते व घोडा चढतो. मूठ पुढे लोटली की खालच्या नळीतील नवे काडतूस वर येऊन बाराच्या जागी बसते. सत्तावन साली आपल्याकडे शिपायांच्या हाती असलेल्या बंदुका, ज्यांच्या काडतुसांवरून एवढा प्रलय झाला त्या एन्फील्ड धरून, सर्व तोंडाकडून ठासावयाच्या होत्या. काडतूस म्हणजे कागदाची पुडी. ती दाताने फोडावी, दारू नळीत ओतावी, गोळी सळईने ठासावी, टोपी लावावी, तेव्हा एक बार उडे. पितळी बुडाचे काडतूस एकामागून एक आपोआप वर येणारी बंदूक त्या काळी येथे असणे शक्यच नव्हते. शाळेत इतिहास शिकविणाऱ्यास हे सुचू नये याची मला आजही लाज वाटते.

आता अक्षरे. मुठीपासून मागे येणाऱ्या लोखंडी पट्टीवर कारखान्याचे नाव, विंचेस्टर, आणि 'मॉडेल १८९७' असा ठसा स्पष्ट निघाला. नळीच्या पाठीवर कनेक्टिकट प्रांतातील न्यू हेवन या गावाचा पत्ता आणि पेटंटांच्या तारखा. येथे दुसरी चूक होता होता राहिली. १८९७ हे बंदूक घडविल्याचे साल, अशी माझी क्षणभर समजूत झाली. परंतु तो आकडा नमुन्याचा. त्या साली हा नमुना बाजारात आला आणि १९५७ पर्यंत, म्हणजे तब्बल साठ वर्षे, तो निघत राहिला. एकंदर संख्या दहा लाख चोवीस हजारांवर गेली. ज्यांच्या घरी असा ठसा असलेली बंदूक असेल त्यांनी त्यावरून तिचे वय ठरवू नये.

हा नमुना ज्याच्या बुद्धीतून निघाला तो जॉन मोझेस ब्राउनिंग हा युटा प्रांतातील ऑग्डेन गावचा बंदूक घडविणाऱ्या बापाचा मुलगा. त्याचा जन्म १८५५ सालच्या जानेवारीतला. म्हणजे साताऱ्यास ते सतरा जण प्राणास मुकले तेव्हा आमच्या घरच्या बंदुकीचा कर्ता अडीच वर्षांचा होता! आणि ज्याच्या नावे कारखाना निघाला तो ऑलिव्हर विंचेस्टर हा मूळचा सदरे शिवून विकणारा व्यापारी. डबघाईस आलेली एक बंदुकांची कंपनी हाती घेऊन त्याने तिची नवी मांडणी केली ती नेमकी १८५७ साली. विंचेस्टर हे नाव मात्र कंपनीस १८६६ मध्ये मिळाले. ब्राउनिंगने प्रथम १८९३ चा नमुना दिला. तो काळ्या दारूच्या काडतुसांसाठी होता. धूर न करणारी दारू फ्रान्समध्ये १८८४ साली व्हिएल याने सिद्ध केली होती. तिचा प्रसार होऊ लागला तेव्हा अधिक मजबूत असा १८९७ चा नमुना काढण्यात आला. पुढे १९१७ नंतर अमेरिकन फौजेने हीच बंदूक, नळी आखूड करून व तीवर संगीन चढवून, फ्रान्समधील खंदकांत वापरली. तिच्या छऱ्यांविरुद्ध जर्मन सरकारने १९१८ च्या सप्टेंबरात रीतसर निषेध नोंदविला होता.

कल्पना म्हणून पाहिले तर मूठ सरकवून भरण्याची युक्ती सत्तावनाच्याही आधीची आहे, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. अलेक्झांडर बेन या स्कॉटिश गृहस्थाने १८५४ साली तिचे इंग्लंडात पेटंट घेतले होते. विजेचे घड्याळ प्रथम करणारा तो हाच. अमेरिकेत स्पेन्सरची पंप बंदूक १८८२ सालची. तिचे हक्क पुढे न्यूयॉर्कच्या बॅनरमन नावाच्या व्यापाऱ्याने विकत घेतले आणि विंचेस्टरवर दावा लावला. त्या वेळी विंचेस्टरच्या वकिलांनी युरोपातून हीच जुनी पेटंटे शोधून काढून कोर्टापुढे ठेवली व दावा बुडविला. दप्तर जपून ठेवल्याचा असा उपयोग होतो! परंतु पेटंटाच्या कागदावरची कल्पना म्हणजे तासगाव तालुक्यात हाती असलेले हत्यार नव्हे.

उरला प्रश्न नेमक्या सालाचा. मधल्या लोखंडी भागाच्या खालच्या अंगास, पुढच्या कडेजवळ, क्रमांक असतो. आमची बंदूक दोन भागांत सुटणारी असल्याने तोच क्रमांक नळीच्या बाजूसही आहे, आणि दोन्ही जुळतात. म्हणजे नळी मागाहून बदललेली नाही. क्रमांक तीन लाख चाळीस हजारांच्या पुढचा आहे. (परवान्याची बाब असल्याने पूर्ण आकडा येथे देत नाही.) कोणत्या साली कोठवर क्रमांक गेले याचे कोष्टक छापील मिळते. त्यात १९०६ अखेरचा आकडा ३,३४,०५९ व १९०७ अखेरचा ३,७७,९९९ असा आहे. त्यावरून बंदूक १९०७ सालची ठरते.

मात्र एकदा पोळलेला मनुष्य ताकही फुंकून पितो. कोष्टकाचे आरंभीचे आकडे वजा करून पाहिले. १९०० अखेर १,२९,३३२. १९०१ अखेर १,६१,६६५. १९०२ अखेर १,९३,९९८. दर साली वाढ बरोबर ३२,३३३! कोणताही कारखाना सलग दोन वर्षे नेमक्या तितक्याच बंदुका घडवीत नाही. उघडच हे आकडे कोणीतरी सरासरीने मागाहून भरलेले आहेत. १९०५ पासूनचे आकडे तसे सारखे पडत नाहीत, त्यामुळे आमच्या क्रमांकापुरते कोष्टक अधिक विश्वासार्ह. तथापि एकट्या कोष्टकावर मी भिस्त ठेवली नसती. दुसरा पुरावा ठशाचा. नळीवर व मधल्या भागावर लंबवर्तुळात डब्ल्यू व पी ही दोन इंग्रजी अक्षरे एकमेकांत गुंफलेली आहेत. बार सोसण्याची परीक्षा झाल्याची ही कारखान्याची खूण, आणि ती १९०५ च्या जुलैपासून मारण्यास प्रारंभ झाला. म्हणजे बंदूक त्यापूर्वीची नव्हे. लंडन वा बर्मिंगहॅम येथील परीक्षेचा ठसा तीवर नाही, यावरून ती इंग्लंडच्या बाजारातून आली नसावी. अमेरिकेत वायोमिंग प्रांतात कोडी या गावी जे संग्रहालय आहे, तेथे कारखान्याची जुनी वहीखाती ठेविली असून या नमुन्याच्या ३,७७,९९९ पर्यंतच्या क्रमांकांचे उतारे फी भरल्यास मिळतात. आमचा क्रमांक त्या मर्यादेत बसतो. पुतण्याने तसा अर्ज केला आहे.

आता पुन्हा आत्यांच्या बोलण्याकडे वळतो. त्या दिवशी त्या आणखी जे बोलल्या होत्या ते मी लेखात घेतले नव्हते, परंतु माझ्या टिपणवहीत ते आहे. त्या सात-आठ वर्षांच्या असताना, म्हणजे १९२५ च्या सुमारास, आमच्या आजोबांनी पेवातली ती लांब सळईची बंदूक काढून मामलेदार कचेरीत जमा केली, आणि मग त्यांना परवाना मिळाला. नवी बंदूक मिरजेस रेल्वेत असलेल्या एका साहेबाने विलायतेस परत जाताना विकली. नवीचा आवाज एकामागून एक येई, आणि ऊसातील डुकरे पळून जात. सळईची बंदूक मात्र त्यांनी कधी उडालेली पाहिली नाही. टिपण वाचून पाहता त्यातील एकही गोष्ट लोखंडावरील पुराव्याच्या विरुद्ध जात नाही. सळईची बंदूक होती, ती पुरली होती, ती गेली. तिची कथा घरात राहिली आणि भिंतीवर जी बंदूक होती तिला जाऊन चिकटली. हे चिकटविण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्यांनी केले असे मी समजत होतो. वस्तुतः घरातील जुन्या माणसांपैकी कोणीही तसे म्हटल्याचे मला आठवत नाही. ते पहिल्याने लिहिले ते मीच. आत्या लेख छापल्यानंतर दोन वर्षांनी गेल्या.

ज्यांच्या घरी जुनी बंदूक आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. ती भरलेली आहे असेच समजून हाताळावी आणि परवानाधारक मिस्त्रींकडूनच उघडावी. या नमुन्यात चाप दाबून धरलेला असता नुसती मूठ पुढे लोटली तरी बार उडतो, हे नव्या बंदुकांची सवय असलेल्यांस माहीत नसते. साफसफाईच्या नादात ठसे घासून टाकू नयेत. तारीख त्यांतच असते. आणि घरातील वृद्ध स्त्रिया काय सांगतात ते जुळो वा न जुळो, जसेच्या तसे टिपून ठेवावे.

ज्या दोन कुलवृत्तांतांत माझे विधान उतरले आहे, त्यांच्या संपादकांस मी स्वतंत्र पत्रे पाठविली आहेत. तासगाव, मिरज व वाळवे या भागांतील ज्या ज्ञातिबांधवांच्या घरी सत्तावन-अठ्ठावन सालच्या शस्त्रबंदीत हत्यार पुरल्याची, अथवा पुढे ते कचेरीत जमा केल्याची आठवण वा कागद असेल, त्यांनी तो मजकूर स्मरणिकेच्या संपादक मंडळाकडे अवश्य धाडावा. जमा केल्याची पावती कोणाकडे असल्यास विशेष उपयोग होईल.