गाडीची छावणी

परवा नेवाशाहून नानांचा फोन आला. नाना म्हणजे माझे थोरले काका, वय वर्षं ब्याऐंशी. मी म्हटलं, "नाना, थोड्या वेळानं करू का? गाडी झाकून ठेवतोय." झालं, दरवर्षीचा प्रश्न आलाच. "आरं, पाच महिने उभीच ठेवायची होती तर घेतली कशाला?"

प्रश्न बिनतोड आहे. डेट्रॉइटच्या बाजूला राहणाऱ्या माणसानं दोन सीटांची, कापडी टपाची जुनी माझदा मियाटा पाळणं यात शहाणपण नाहीच. नोव्हेंबरात गॅरेजात गेली की ती एप्रिलातच बाहेर येते. आपल्याकडे दसऱ्याला गाडीला हार घालून सीमोल्लंघन करायचं, आणि इथे दसरा होऊन महिना होतो न होतो तोच तिला कोंडायचं!

पण हा प्रकार माझ्यासारख्या हौशी मंडळींनी काढलेला नाही. मोटारी नव्या होत्या तेव्हा इथले कितीतरी मालक हिवाळाभर गाडी बंदच ठेवत. बहुतेक गाड्या उघड्या असत, बर्फात त्यात बसणार कोण? शिवाय इंजिन थंड ठेवायला साधं पाणी. पाणी गोठलं की फुगतं, आणि फुगलं की ओतीव लोखंडाला तडा जातो. म्हणून लोक पाणी काढून टाकत, बॅटरी घरात आणत आणि टायरवर भार नको म्हणून गाडी ठोकळ्यांवर चढवत. पुढे 1912 मध्ये कॅडिलॅकनं विजेचा स्टार्टर दिला, 1927 मध्ये सहजासहजी न उडून जाणारं, ग्लायकॉलचं न गोठणारं द्रव बाजारात आलं, बंद टपाच्या गाड्या घरोघरी झाल्या, आणि हिवाळ्यात गाडी चालू लागली. मग 1940 च्या दशकात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ पडू लागलं. मिठानं पत्रा गंजतो. म्हणजे थंडीपासून गाडी वाचली आणि मिठाच्या तावडीत सापडली. आज माझ्यासारखे लोक गाडी कोंडतात ते थंडीपेक्षा मिठाच्याच भीतीनं.

नानांना वाटतं, उभी ठेवायची म्हणजे किल्ली काढून घरात जायचं. तसं नसतं हो! टाकी पूर्ण भरायची, म्हणजे आत हवा आणि दमट कमी राहतो. पेट्रोल टिकवणारं औषध घालायचं. इंजिनचं तेल आधीच बदलायचं, कारण जुन्या तेलात आम्ल तयार झालेलं असतं. टायरात हवा थोडी जास्त, नाहीतर एकाच जागी दबून चपटे होतात. हँडब्रेक ओढायचा नाही, ब्रेक चिकटून बसतात. त्याऐवजी चाकांना ठोकळे लावायचे. बॅटरीला बारीक चार्जर. आणि शेवटी उंदीर. सायलेन्सरच्या तोंडात भांडी घासायची तारेची घासणी कोंबायची, आणि ती काढायची आठवण म्हणून स्टीअरिंगला चिठ्ठी बांधायची. एका वर्षी मी हे शेवटचं काम आळसानं सोडलं. एप्रिलात गाडी सुरूच होईना. उंदरांनी वायरी कुरतडून इंजिनवर घरटं केलं होतं.

उंदरांवरून मला दरवेळी एक पत्र आठवतं. शिवाजी महाराजांचं, 1674 च्या राज्याभिषेकाआधीचं, चिपळूणजवळ हलवर्ण इथे मुक्कामाला असलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं. मराठी फौजा पावसाळ्यात एका जागी थांबत, तिला छावणी म्हणत, आणि दसऱ्याला पुन्हा बाहेर पडत. त्या काळात घोड्याइतकं वेगवान दुसरं काय होतं? पत्रात लढाईचं काही नाही. आहे तो दाण्यावैरणीचा हिशेब. आत्ताच मनाला येईल तसं खर्च कराल तर भर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही रयतेला लुटाल आणि तिला मोगल बरे वाटू लागतील. आणि पुढे, दिवा तसाच जळत ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंज्या पेटतील. एवढ्या राजकारणातल्या राजाला उंदीर दिसत होता!

मी हे नानांना फोनवर सांगितलं. छावणी हा शब्द ऐकून ते जरा थांबले. आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, छावणी म्हटलं की दुष्काळातली चारा छावणीच डोळ्यांसमोर येते. 2013 ची, 2019 ची. मग नानांनी मला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली.

आजोबा दर पावसाळ्याच्या तोंडाला बैलगाडीची चाकं काढत, आसाला वंगण लावत आणि गाडी पडवीत दगडांवर चढवून ठेवत. काळ्या रानात चिखल झाला की गाडी चालायचीच नाही. 1972 च्या दुष्काळात कडबा संपला आणि दोन्ही बैल मिळेल त्या भावाला विकावे लागले. बैलच नाहीत तर गाडीकडे कोण बघतो? ती होती तिथेच, मातीत उभी राहिली. दोन वर्षांनी कर्ज काढून बैल आणले, तेव्हा चाकं वाळवीनं पोखरली होती. सुताराला द्यायला पैसे नव्हते. त्या हंगामात ऊस दुसऱ्याच्या गाडीतून, भाडं देऊन गेला.

नाना म्हणाले, "बैल दुष्काळानं नेले. गाडी आम्ही घालवली."

यावर मला काही बोलता आलं नाही. माझी गाडी हौसेची आहे, त्यांची पोटाची होती. तुलना करायलाही लाज वाटते. पण फोन ठेवल्यावर मी पुन्हा गॅरेजात गेलो आणि घाईत झाकलेलं कापड काढून सगळं पहिल्यापासून तपासलं.

आज सकाळी पुन्हा फोन. या वेळी "कशाला घेतली" नाही.

"उंदराचं केलंस का काही?"

"केलं, नाना."

"आणि चिठ्ठी?"

चिठ्ठी राहिली होती. आत्ता बांधून आलो. असो, एप्रिलात गाडी बाहेर निघाली की फोटो टाकीनच.